माहेरच्या नावाचा रकाना

मी आयुष्यभर माणसाच्या दंडाकडं आधी पाहत आले, तोंडाकडं नंतर. सरकारी दवाखान्यात रक्त काढायचं काम. तीस वर्षं तेच केलं. नस कुठं दडून बसली आहे ते डोळ्यांच्या आधी माझ्या बोटाला कळायचं. समोरची बाई घाबरून विचारायची, "सुई लय मोठी हाय का व?" मी म्हणायची, "मोठी तं सासू असते बाई, सुई बारीकच असते." तिला हसू येईपर्यंत नळी भरलेली असायची. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे. घरातले म्हणतात, मी रिटायर झाले तेव्हा दवाखान्यात पेढे वाटले असतील. वाटले असतील, मला काही मिळाले नाहीत.

रिटायर होऊन चार महिने मंगरूळपीरच्या घरात बसले आणि सगळ्यांना जीव नकोसा करून सोडला. भाजी कशी चिरावी इथपासून पडदे कधी धुवावे इथपर्यंत मी सगळ्यांना शिकवत होते. अशात एका सकाळी स्कुटीवरून एक बाई आली, पायापासून भुवयांपर्यंत धुळीनं माखलेली. वय माझ्या मुलीएवढं. वडील एसटीत कंडक्टर होते, गाव आपल्याच जिल्ह्यातलं, शिक्षण मात्र पार परदेशापर्यंत झालेलं. तिकडची नोकरी सोडून ती परत आली होती आणि गावाबाहेरच्या रिकाम्या धान्य-गोदामात तिला एक केंद्र उभं करायचं होतं. मी तिला कधी नावानं हाक मारली नाही, मॅडमच म्हटलं. इथंही तेच लिहिते.

ती ओट्यावर बसली आणि पाण्याचा तांब्या रिकामा करून बोलू लागली. सिकलसेलवर, आईबापाकडून रक्तात उतरणाऱ्या त्या दुखण्यावर, औषध आहे, जुनंच आहे. पण एकाला मानवते ती मात्रा दुसऱ्याला कमी पडते आणि तिसऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच खाऊन टाकते. पांढऱ्या पेशी गेल्या की साधा ताप माणसाला घेऊन जातो. म्हणून प्रत्येकाचं रक्त दर महिन्याला मोजायचं, त्याची आनुवंशिक खूण नोंदवून ठेवायची आणि त्याच्या अंगाला सोसेल तेवढ्याच मात्रेची गोळी इथंच बनवायची. तपासणीच्या पट्ट्यासुद्धा इथंच. त्या पट्टीला लागणारं प्रथिन जंतूंकडून तयार करून घ्यायचं.

"जंतूंकडून?" मी म्हटलं.

"मावशी, घरी दही कोण लावतं?"

"मीच लावते."

"तुम्ही नाही लावत. तुम्ही दूध कोमट करता, बाकी सगळं जंतू करतात. मला फक्त मोठं भांडं पाहिजे."

मला बाई आवडली. पण मी हो म्हटलं ते माझ्या भावामुळं.

माझ्याहून लहान होता. हातपाय दुखायचे त्याचे, इतके की उन्हाळ्यातही गुडघ्यांवर गोधडी घेऊन खाटेवर पडून राहायचा. बाप त्याला कामचुकार म्हणायचा. शेजारचे म्हणायचे, पोरगं आईच्या लाडानं बिघडलं. एकोणिसाव्या वर्षी तो गेला, आणि त्याला काय झालं होतं ते मला दहा वर्षांनी दवाखान्यातल्या मशीनवर माझंच रक्त टाकून पाहिलं तेव्हा समजलं. अर्धा सिकल माझ्यात निघाला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच आलेला. त्याच्यात पूर्ण असणार. आमच्या बौद्ध समाजात हा आजार जास्त दिसतो, म्हणून बाकीचे लोक "ते त्यांचं दुखणं" म्हणून मोकळे होतात आणि आपल्या घरात निघालं की लपवून ठेवतात. मी इतक्या घरांतल्या इतक्या दंडांतून रक्त काढलं आहे की हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं सणकतं.

तर मी कामाला लागले. त्या पहिल्या वर्षाची आठवण आली की अजून बरं वाटतं. गोळ्यांच्या खोलीत धुळीचा कण नको, असं मॅडमचं म्हणणं. आणि गोदामाच्या चारी बाजूंनी सोयाबीनची शेतं, मळणी सुरू झाली की हवा पिवळी. बाहेरून आलेल्या इंजिनिअरनं हात टेकले. मग मॅडमनं कारंज्याच्या जिनिंगमधला एक म्हातारा फिटर शोधून आणला. तो खोलीत उभा राहिला, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "जलमभर कापसाचा फुफाटा खाल्ला म्या. हवा कुठून घुसते ते मले नका सांगू." त्यानं पत्र्याची नळकांडी अशी काही बसवली की मोजणीचं यंत्र पहिल्याच दिवशी पास झालं. गोळ्या तपासायला डाळमिलमध्ये काम केलेल्या बाया आणल्या. पसाभर तुरीतून एक खडा जिला नुसत्या नजरेनं दिसतो, तिला तडा गेलेली गोळी कशी दिसणार नाही? त्या बाया टोप्या-मास्क घालून बसायच्या तेव्हा मॅडम काचेबाहेर उभी राहून नुसती पाहत राहायची. मला म्हणाली, "मावशी, मी जिथं शिकले तिथं या कामाला कॅमेरे होते. कॅमेरे एवढे हुशार नव्हते."

माझ्याकडं फिरती गाडी होती. महिन्याच्या ठरल्या दिवशी कारंजा लाड, ठरल्या दिवशी केनवड, असे मुक्काम. रक्त काढायचं, डब्यातल्या बर्फात ठेवून केंद्रात आणायचं, मोजायचं, आणि मॅडम सांगेल ती मात्रा पुढच्या दोन दिवसांत पोचती करायची. नियम एकच, पण लोखंडासारखा: रक्त दिल्याशिवाय औषध नाही. हा नियम मी सगळ्यांना पाठ करून सोडला होता. आणि तो मीच मोडला.

कारंज्याला एक बाई यायची. तिची मुलगी आमच्या यादीत अगदी सुरुवातीपासून होती, मी रुजू व्हायच्या आधी कॉलेजच्या तपासणीत सापडलेली. मी त्या मुलीला पाहिलेलं नव्हतं; तिचं रक्त कॉलेजातच काढलेलं यायचं, औषध न्यायला आई यायची. मार्गशीर्षात ती बाई एकटीच आली. म्हणाली, "पोरगी मामासंगं गेली जगायले. विटाच्या भट्टीवर." आमच्याकडं हे नवीन नाही. दिवाळी झाली की घरंच्या घरं कुलूप लावून निघतात, पाडव्याच्या पुढंमागं परत येतात. मी म्हटलं, रक्ताशिवाय औषध नाही. ती बाई भांडली नाही, रडली नाही. नुसती म्हणाली, "तिचे गुडघे दुखतात वो बाई, भट्टीवर कोन पाह्यल तिले?"

गुडघे म्हटल्यावर मी गेलेच. मला खाट दिसली, गोधडी दिसली. आमच्या गोळ्या तेव्हा अजून निघाल्या नव्हत्या; मी मागच्या महिन्याच्याच मात्रेच्या विकतच्या कॅप्सूल तिच्या हातात ठेवल्या आणि कार्डावर लिहिलं, 'रुग्ण स्थलांतरित, आईकडे दिले.' खाली सही केली. पुढच्या महिन्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मला वाटायचं, मी पुण्य करून राहिले.

माघात केनवडला शाळेत शिबिर लावलं. गावातल्या आशाताईनं त्या हंगामात लग्न होऊन आलेल्या सगळ्या सुना गोळा करून आणल्या. त्यात एक पोरगी होती, बारीक, उंच, बोलायला अगदी गरीब. मी दंडाला पट्टा बांधला तशी तिनं आपणहून मूठ आवळली. पहिल्यांदा रक्त देणारी पोर कधी आपणहून मूठ आवळत नाही. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी ते सोडून दिलं, कारण मागं रांग होती.

तिच्यात पूर्ण सिकल निघाला. नवऱ्याचं रक्त स्वच्छ होतं. सांगायला मी आणि आशाताई घरी गेलो. लग्नाला पुरते तीन महिने झाले नव्हते. अशा वेळी पोरीला माहेरी पोचवून येणारी घरं मी पाहिलेली आहेत. ओट्यावर शेजारणी जमल्याच होत्या; एक जण पुटपुटली, "हे दुखनं आपल्यात कुठून आलं?" सासू हातातलं सूप खाली ठेवून उठली. रुंद हाडांची, कपाळावर मोठं कुंकू, आवाज घोगरा. तिनं शेजारणीकडं पाहिलंच नाही. मला विचारलं, "औषध कुठं भेटते, अन् कितीदा द्याव लागते?"

बस, एवढंच. तेव्हापासून माझ्या मनात त्या बाईला वेगळी जागा आहे. गाडी यायच्या दिवशी ती सुनेला घेऊन सगळ्यांच्या आधी शाळेच्या पायरीवर बसलेली असायची. आमच्या केंद्रात बनलेल्या पहिल्या छोट्या पांढऱ्या गोळ्या ज्यांना मिळाल्या, त्यांत तिची सून होती. मॅडमनं मात्रा अगदी कमी ठेवून सुरुवात केली.

फाल्गुनात रक्त मोजलं तर पांढऱ्या पेशी उतरलेल्या. एवढ्याशा मात्रेनं उतरायचं कारण नव्हतं. मॅडमनं मात्रा निम्मी केली. चैत्रात मोजलं तर आणखी खाली. पोरीचं तोंड आलेलं, पाणीसुद्धा झोंबत होतं. मी घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना दोष. मी सासूवर घसरले. सगळ्यांसमोर म्हटलं, "पोरीले खायले देता का उपासच घडवता? काय चालवलं घरात?" औषध द्यायला मी दोन दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन, सून सकाळी काय खाते, दुपारी काय, दूध किती, सगळं बोटांवर मोजून सांगितलं, जशी काही मी पोलीस आहे. तरी माफी काही मी मागितली नाही.

इकडं मॅडमला वेगळाच ध्यास लागला. तिचं म्हणणं, या मुलीचं शरीर औषध निराळ्या तऱ्हेनं पचवतं. असं कुणी इथं पाहिलेलं नसेल. हिची जनुकं वाचली पाहिजेत. औषध पूर्ण थांबवायचा निरोप केनवडला दिला आणि दोन दिवस ती मशीनसमोरून उठली नाही. जेवणाचा डबा आला तसा परत जायचा. तिच्याबद्दल मला किती आदर आहे ते आता सांगायला हरकत नाही, पण त्या दोन दिवसांत मी तिला म्हटलं होतं, "मॅडम, तुमचंच रक्त तपासावं लागल आता." ती हसलीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला आत बोलावलं. केंद्रात प्रत्येकाच्या रक्ताची खूण नोंदवलेली असते; माघातल्या शिबिरातल्यांची मात्र राहून गेली होती, ती तिनं आता चढवली. कम्प्युटर नवी खूण जुन्यांशी ताडून पाहतो. पडद्यावर दोन ओळी होत्या. एक केनवडच्या सुनेची, एक कारंज्याच्या मुलीची. नाव वेगळं, वडील-नवऱ्याचं नाव वेगळं, आडनाव वेगळं, गाव वेगळं. खूण तंतोतंत एक.

"मावशी, नळी बदलली का कुठं?"

तीस वर्षांत माझ्या हातून एक नळी बदललेली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला नाही नाही ते बोलले. कम्प्युटरला बोलले, मशीनला बोलले, तिच्या परदेशातल्या शिक्षणालाही बोलले. म्हटलं, काढा ते कारंज्याचं कार्ड, पाहू कुणाची सही आहे त्याच्यावर.

कार्ड निघालं. 'रुग्ण स्थलांतरित, आईकडे दिले.' 'आईकडे दिले.' 'आईकडे दिले.' पाच वेळा, आणि पाचही वेळा खाली माझी सही.

खुर्ची नव्हती म्हणून मी बर्फाच्या डब्यावर बसले. कारण मला समजलं होतं, आणि ते मॅडमच्या आधी समजलं होतं, कारण लग्नात नाव बदललेली मी होते, ती नव्हती. माझं माहेरचं नाव निराळं आहे. सासरच्यांनी दुसरं ठेवलं, नोकरी त्याच नावावर लागली, पेन्शन त्याच नावावर येते. जुन्या नावानं हाक मारणारी दोनच माणसं होती, आई आणि भाऊ. भाऊ गेला, मग आई गेली, आणि त्या नावाची बाईसुद्धा कुठं राहिली नाही. तसंच या पोरीचं. ती भट्टीवर गेलीच नव्हती. तिचं लग्न झालं होतं. दुखणं लपवून लग्न लावून दिलं, आणि आई माझ्याकडून तिच्या जुन्या नावाचं औषध नेऊन गुपचूप सासरी पोचवत होती. तिथं नव्या नावानं आम्ही दुसरं औषध देत होतो. एक पोरगी दोन बायांचं औषध खात होती. आमचं आम्ही बंद केलं होतं. आईचं सुरूच होतं. आणि आशाताईचा सकाळीच फोन आला होता की पोरीला कणकण आली आहे.

मी मॅडमला सांगितलं. वाटलं, आता ती मला गेटबाहेर काढील. ती उभी राहिली आणि पहिल्यांदाच माझ्याशी आमच्या बोलीत बोलली. "मावशी, नियम कायले केला होता आपन? कायले केला होता?" मग किल्ली उचलली. "चला. गाडीत बसा."

केनवडपर्यंत वाटेत आमचं एकच बोलणं झालं. मी म्हटलं, सासरी खरं सांगू नका. सांगितलं तर पोरीचा संसार मोडल. गोळ्या खराब निघाल्या म्हणून सगळ्या परत मागू. मॅडम म्हणाली, खोटं सांगितलं तर उद्या दवाखान्यात डॉक्टरला काय सांगायचं, किती खाल्लं म्हणून? तिचं खरं होतं. माझंही खरं होतं.

सासू दारातच होती. आमची तोंडं पाहून तिनं मुलाला दूध आणायला धाडलं. सून आत खाटेवर, अंगावर गोधडी. मी तिच्याजवळ बसले आणि हळूच म्हटलं, "माहेरून काय येते तुले?" पोरीनं डोळे मिटून घेतले. सासू म्हणाली, "भाऊ येते तिचा दर महिन्याले. तिळाचे लाडू आनते. काहून?" आणि ती स्वतःच फडताळातून डबा घेऊन आली. वर चार लाडू होते, खाली कागदाची पुडी. पुडीत आमच्या कॅप्सूल.

पोरगी रडत रडत सांगू लागली. आईनं बजावलं होतं, या जुन्या दुखण्याच्या आहेत, काही झालं तरी बंद करू नको. आमच्या गोळ्या पांढऱ्या, लहान. तिला वाटलं हे वेगळं औषध. विचारायचं तर जुनं कार्ड आहे हे सांगावं लागलं असतं. म्हणून दोन्ही खात राहिली.

सासूनं माझ्या हातातलं कारंज्याचं कार्ड घेतलं. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचत होती. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, मग तारीख. तारीख लग्नाच्या दीड वर्ष आधीची होती. मी म्हटलं, "याच्यात चूक माही हाय. रक्त न घेता औषध मीच देत होते." तिनं हात वर करून मला थांबवलं.

"म्हंजे लग्नाआधीच ठाऊक होतं यायले," ती म्हणाली. कार्ड तिनं माझ्या हातात परत दिलं. "मले राग येऊन राह्यला. लय राग येऊन राह्यला. पन तो मी मंग पाहीन. पयले सांगा, पोरगी वाचते का?"

मॅडमनं स्पष्ट सांगितलं. आजच जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं, ताप चढू द्यायचा नाही, आणि आता एकही गोळी नाही. पेशी परत वाढतात, पण तोवर जपावं लागेल.

सासूनं पुडी मॅडमच्या हातात दिली. मग सुनेच्या पायांवरची गोधडी सारखी करत, आमच्याकडं न पाहता बोलली. ते शब्द मी विसरणार नाही. "ताटात तांदूळ पसरून नाव आमीच लिवलं हिचं. पोराले कोनतं लिवाचं ते मीच सांगतलं होतं, मले आवडे म्हून. तिचं जुनं राहू देल्लं असतं तं तुमच्या कम्प्युटरले सापडली असती पोरगी."

मी तीस वर्षं दवाखान्यात काढली. चूक दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणारे लोक मी रोज पाहिले, त्यांत मीही एक. फसवली गेलेली बाई स्वतःच्या पदरात चूक घेते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला तिथं रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्याच वेळी मागच्या बोलण्याची माफीसुद्धा मागितली. ती म्हणाली, "राहू द्या व बाई. गाडी काढा."

पोरगी दवाखान्यात नऊ दिवस होती. दुसऱ्या दिवशी कारंज्याहून आई आली, दारातच थबकली. आत येऊन खाटेच्या एका बाजूला बसली. दुसऱ्या बाजूला सासू. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी रोज रक्त काढायला जायची आणि रोज आकडा पाहून माझा जीव टांगणीला. चौथ्या दिवशी पेशी आहे तिथंच थांबल्या. सहाव्या दिवशी चढल्या, थोड्याच, पण चढल्या. तो कागद घेऊन मी वॉर्डात गेले तेव्हा सासू चहा आणत होती. कागद वाचून दाखवला. तिनं ऐकलं, आणि दोन कपांतला एक कप विहिणीच्या पुढं धरला. "घ्या. थंडा होते," म्हणाली. आईनं कप घेतला आणि पदरात तोंड लपवलं.

पुढच्याच महिन्यात केंद्र पाहायला बाहेरून समिती येणार होती. केंद्राचं पुढं काय करायचं ते तीच ठरवणार होती. एवढीच एक गोष्ट कागदावरून वगळली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. मॅडमनं ती पहिल्या पानावर लिहिली. आमच्याकडून काय चुकलं, कसं सापडलं, काय बदललं. माझं नाव कुठंही घातलं नाही, 'आम्ही' असं लिहिलं. समितीतल्या एका साहेबांनी ते पान दोनदा वाचलं आणि केंद्र पुढं सुरू ठेवा म्हणून शेरा दिला. मॅडम त्या संध्याकाळी गोदामाच्या पायरीवर बसून तिळाचा लाडू खात होती. कुठून आला ते मी विचारलं नाही.

बदललं ते एवढंच: बाईच्या कार्डावर आता पहिला रकाना माहेरच्या नावाचा. जन्माचं नाव, जन्माचं आडनाव, बापाचं गाव. सासरचं त्याच्या खाली. आणि हाक मारायची ती वरच्या नावानं, जन्मभर, लग्न झालं तरी. पहिलं कार्ड भरायला मॅडमनं माझ्याच पुढं केलं. मी त्यात माझंच माहेरचं नाव लिहिलं, आणि माझं अक्षर मलाच परकं वाटलं.

त्यानंतरच्या केनवडच्या दिवशी शाळेत बरीच गर्दी होती. मी यादी घेऊन उभी राहिले आणि त्या पोरीचं पहिल्या रकान्यातलं नाव वाचलं. कुणी उठलं नाही. पुन्हा वाचलं. पायरीवर बसलेल्या सासूनं कोपरानं तिला ढोसलं, "ऊठ ना व. तुलेच बलावून राह्यल्या." पोरगी गडबडून उठली. दंड पुढं केला आणि मी पट्टा बांधायच्या आत मूठ आवळली. गालावर मांस आलं होतं. एकच कार्ड, एकच मात्रा, आणि त्या महिन्यापासून पेशी जागेवर आहेत.

मग सासू म्हणाली, घरातल्या सगळ्यांचं पाहून राह्यले तं माहंही पाहून घ्या. मी नवं कार्ड काढलं आणि विचारलं, "माहेरचं नाव?"

"कोन इचारते व ते आता," ती म्हणाली. "चाळीस वर्सं झाले." पदराशी चाळा केला, इकडंतिकडं पाहिलं, आणि मग अगदी हळू, माझ्यापुरतं सांगितलं. छान नाव होतं. मी लिहून घेतलं.

पण सून जवळच उभी होती, तिनं ऐकलं. सासूचं नाव तोंडातून काढू नये हे आमच्याकडं पोरीला शिकवावं लागत नाही. तिला तेवढा विचार करायलाही वेळ मिळाला नसावा. नाव कानावर आलं तसं तिच्या तोंडून ते मोठ्यानं निघून गेलं. सगळी शाळा ऐकत होती. पोरीनं घाबरून तोंडावर हात ठेवला.

सासूनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. डोळे भरून आले होते.

"पुन्हा म्हन," ती म्हणाली.